समुद्र आणि आप्तवाक्य

ज्या गोष्टीचे ज्ञान आपल्यापाशी नाही तिच्याबाबत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे हा विवेक, की विवेक गहाण टाकणे? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न शतकानुशतके लढवला. चार्वाकांनी शब्दाला प्रमाण मानलेच नाही. बौद्ध तार्किकांनी त्याला अनुमानाच्या पोटात घातले. नैयायिकांनी त्याला स्वतंत्र जागा दिली, आणि मीमांसकांनी तर सगळा धर्मविचारच त्याच्यावर उभा केला. हा वाद पोथीतला म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याला सवय आहे. पण किहीमपासून हरिहरेश्वरापर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेली माणसे नेमक्या याच प्रश्नापुढे उभी असतात, आणि बहुतेकांना ते कळतही नाही. समोर समुद्र आहे, तो आपल्या ओळखीचा नाही, आणि त्यात उतरायचे आहे. कुठे उतरावे, केव्हा उतरावे, आणि हे ठरवताना पुरावा कोणाचा मानावा? माझे म्हणणे असे की समुद्रापाशी नवख्याचे स्वतःचे डोळे हा सर्वांत दुबळा पुरावा असतो आणि पारखून घेतलेल्या जाणकाराचा शब्द हा सर्वांत बळकट. तो शब्द मानून सोप्या, उथळ पाण्यापासून सुरुवात करणाऱ्याला भित्रा म्हणू नये. तो बुद्धी जिथे वापरायला हवी तिथे वापरत असतो.

पाण्यात तोंड बुडवून समुद्राचा तळ न्याहाळण्याची हौस आता मराठी मध्यमवर्गात रुजली आहे, म्हणून हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी, पायांत रबरी पंख, आणि पालथे तरंगत खालचे जग पाहायचे, हे स्नॉर्केलिंग. त्यासाठी कोणी मालवण-तारकर्लीला जातो, कोणी अंदमानला, तर परदेशात स्थिरावलेल्या मुलांबरोबर क्रूझवर निघालेले आईवडील थेट कॅरिबियन बेटांवर पोहोचतात. नवख्याला योग्य पाणी कुठले, याचे उत्तर सगळीकडे एकच आहे. तळ दिसेल इतके स्वच्छ, पाय टेकतील इतके उथळ, ओढ नसलेले, लाटांपासून आडोशाचे आणि वाळूवरून चालत आत शिरता येईल असे पाणी. कॅरिबियन समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आत असतो, आणि अनेक बेटांभोवतीच्या प्रवाळांच्या रांगा लाटा बाहेरच मोडतात. म्हणून तिथे असे पाणी सापडते. रायगडचा समुद्र वेगळा आहे. अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत सुमारे चार मीटरचा फरक पडतो. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट या खाड्या आपला गाळ याच किनाऱ्यावर आणून टाकतात. इथले पाणी गढूळ असते, तळ दिसत नाही, आणि ओढ मोठी असते. तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर नवख्याला द्यायचा प्रामाणिक सल्ला हाच, की तळ पाहण्याची हौस इथे भागवू नये. एवढा साधा सल्लाही स्वतःच्या डोळ्यांनी मिळत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो.

डोळ्यांची बाजू मात्र आधी नीट ऐकली पाहिजे. प्रत्यक्ष हे सर्व प्रमाणांत ज्येष्ठ, हे नैयायिकही मानतात. पण गौतमाने न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची व्याख्या करताना ते अव्यभिचारी, म्हणजे न फसवणारे, असले पाहिजे अशी अट घातली, आणि वात्स्यायनाने त्यावर भाष्य करताना मृगजळाचा दाखला दिला. उन्हात दिसणारे पाणी डोळ्यांना दिसते हे खरे, तरी ते ज्ञान नव्हे. समुद्रकिनारी याच्या उलट फसगत होते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि एखाद्या अरुंद, खोल पट्ट्यातून जोराने बाहेर ओढले जाते. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्याने लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस उसळत असतो आणि मधला पट्टा शांत दिसतो. नवखा साहजिकच तिथे उतरतो. त्याची दृष्टी शाबूत असते, तर्कही बिनचूक असतो: फेस म्हणजे धोका, शांतता म्हणजे सुरक्षितता. फक्त हा तर्क तलावाचा आहे, समुद्राचा नाही. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणाऱ्यालाही समोर कोरडी वाळू दिसते. काही तासांत तीच वाट पाण्याखाली जाणार, हे त्या वाळूवर कुठे लिहिलेले नसते.

या फसगतीची किंमत या किनाऱ्याने मोजली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारीचा होता. पावसाळा संपून चार महिने झाले होते, आणि याच दिवसांत समुद्र डोळ्यांना सर्वांत भरवशाचा दिसतो. या दुर्घटनेवरून मेलेल्यांना दोष देणे निर्दयपणाचे ठरेल आणि चुकीचेही. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या जागी कोणीही पाहिले असते. यातून घ्यायचे ते एवढेच, की पाहणे पुरेसे नाही. स्नॉर्केलिंगमध्ये तर ही उणीव दुप्पट होते. पालथे तरंगणाऱ्याची नजर तळाकडे असते, कान पाण्यात असतात, आणि आपण किनाऱ्यापासून हळूहळू लांब सरकतो आहोत हे त्याला मान वर केल्याशिवाय समजत नाही. पाणी स्वच्छ असले की ही भूल अधिकच पक्की होते. पश्चिम कॅरिबियनमधल्या पुष्कळ क्रूझ ग्रँड केमन आणि कोझुमेल या दोन्ही बेटांवर थांबतात. छायाचित्रांत दोन्हीकडचे पाणी सारखेच निळे आणि नितळ. पण केमनच्या उत्तरेच्या उथळ वाळूपट्ट्यावर ते कमरेछातीपर्यंतच असते, तर कोझुमेलच्या प्रवाळांलगत प्रवाह इतका जोरदार, की तिथले पाणबुडे त्याच्याबरोबर वाहत जाण्याचीच पद्धत वापरतात. गढूळ पाणी तळ लपवते, नितळ पाणी ओढ लपवते. डोळे दोन्हीकडे अपुरे पडतात.

मग ज्ञान कोणापाशी आहे? रायगडच्या किनाऱ्यावर ते कोळीवाड्यांत आहे, आणि ते भावनेपोटी नव्हे तर व्यवसायाच्या गरजेतून आलेले आहे. इथली डोलीची मासेमारी प्रवाहाच्या जोरावरच चालते. तोंड प्रवाहाकडे करून पिशवीसारखे जाळे रोवायचे, पाणी फिरले की तेही फिरवायचे. पाण्याची दिशा, जोर आणि वेळ चुकली तर जाळे रिकामे येते किंवा फाटते. ज्याची चूल प्रवाहाच्या अंदाजावर पेटते त्याचा अंदाज रोज तपासला जातो. भरतीची वेळ काढायला कोकणात तिथीचा पाऊणपट करतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मग सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, आणि भांगाच्या दिवसांत ओढ कमी. हे सारे पंचांगाच्या एका आकड्यात मावते आणि कोणालाही पडताळून पाहता येते. इथे शब्द प्रत्यक्षाची जागा बळकावत नाही. तो कधी आणि कुठे पाहावे हे शिकवून प्रत्यक्षाला डोळस करतो.

शब्दप्रमाणाची न्यायदर्शनाने केलेली व्याख्या इथे नेमकी उपयोगी पडते. गौतमाच्या मते शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण, हे सांगताना वात्स्यायनाने वंशाची, पोथीची किंवा पदाची अट घातली नाही. ज्याने त्या विषयाचा साक्षात अनुभव घेतला आहे आणि जसा घेतला तसा सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू, असे त्याने स्पष्ट म्हटले. अधिकारवाणीची इतकी मोकळी व्याख्या जुन्या जगात विरळाच सापडेल. तिच्यानुसार समुद्राच्या बाबतीत रेवदंड्याचा तांडेल, म्हणजे होडीचा नायक, आप्त ठरतो, आणि समुद्र कधी न पाहिलेला शास्त्री ठरत नाही. त्याचबरोबर या व्याख्येत दोन अटी आहेत हे विसरू नये. केवळ जाणकार असणे पुरत नाही, खरे सांगण्याची इच्छाही हवी. आपल्याला पाण्यात उतरवण्यात ज्याचा पैसा गुंतला आहे त्याला समुद्र कितीही ठाऊक असला, तरी त्याच्या शब्दाची दुसरी अट तपासावी लागते. क्रूझवर सहली विकणारा आणि किनाऱ्यावर जलक्रीडेची तिकिटे फाडणारा, दोघांनाही हे सारखेच लागू. यांतला प्रत्येक जण खोटे बोलतो असा याचा अर्थ नाही. त्याच्याकडून ‘आज जाऊ नका’ हे वाक्य निघू शकते का, एवढे पाहावे. नाही म्हणू शकणाऱ्याच्याच होकाराला किंमत असते.

यावर बौद्ध तार्किक विचारील, की मग शब्द हे वेगळे प्रमाण राहिले कुठे? दिङ्नागाने मांडले तसे, बोलणारा विश्वसनीय आहे हे अनुमानाने ठरवायचे आणि मग त्याचे मानायचे, म्हणजे शेवटी अनुमानच. हा आक्षेप मी खोडून काढू पाहत नाही. माझ्या म्हणण्याला तो पोषकच आहे. शब्द वेगळे प्रमाण असो वा अनुमानाचा प्रकार असो, दोन्ही पक्षी एक गोष्ट उरतेच: नवख्याने आपली बुद्धी समुद्राची परीक्षा घेण्यात खर्चू नये, सांगणाऱ्याची परीक्षा घेण्यात खर्चावी. समुद्र ओळखायला एक आयुष्य लागते. माणूस जाणकार आहे का आणि त्याचा स्वार्थ कशात आहे, हे चार प्रश्नांत बरेचसे कळते. चार्वाकाचा आक्षेप याहून कठोर आहे. दिसते तेवढेच खरे, असे तो म्हणतो. पण भरतीची वेळ, खोल पट्टा, उद्याचा वारा यांतले काहीच या क्षणी दिसत नाही. केवळ दिसण्यावर चालणाऱ्याला समुद्रात एकदाच शिकता येते, आणि त्या शिकण्याचा उपयोग करायला तो पुष्कळदा उरत नाही.

धर्माचा प्रश्न इथे येतो. या किनाऱ्यावरच्या धर्माचाराने आप्तवाक्य पुष्कळदा विधीच्या रूपात जपून ठेवले आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा टेकडीवरून पायऱ्यांनी थेट समुद्रालगतच्या खडकांवर उतरते. ती ओहोटीतच करायची. भरतीत श्रद्धाळूनेही थांबायचे. देवाभोवती फिरण्याची वेळ भक्ताच्या सोयीने ठरत नाही, पाण्याच्या गतीने ठरते. नारळी पौर्णिमेचेही तेच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पून हंगामाची सुरुवात होते. १ जूनपासून सुरू होणारी सरकारी मासेमारीबंदी माशांच्या प्रजननाचे आणि खवळलेल्या समुद्राचे जे कारण देते, ते या सणाच्या चौकटीत आधीपासून बसलेले आहे. न्यायदर्शनाने वेदांचे प्रामाण्य सिद्ध करताना मंत्र आणि आयुर्वेदाचा दाखला दिला: दिसणाऱ्या फळाच्या बाबतीत ज्यांचा शब्द खरा ठरला, त्यांचा न दिसणाऱ्याच्या बाबतीतही मानावा. हा युक्तिवाद पूर्ण मान्य करावा की नाही, यावर मतभेद होतील. त्याचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी पडताळा, मग श्रद्धा. किनाऱ्यावरची श्रद्धा निदान या पहिल्या पायरीवर तरी खरी उतरते.

सर्वांत गंभीर आक्षेप आता घ्यायला हवा. धर्माचाच शब्द प्रमाण मानला असता, तर आपण समुद्रावर गेलोच नसतो आणि कित्येकांना पाणीही मिळाले नसते. धर्मशास्त्राच्या निबंधांनी समुद्रप्रवास कलिवर्ज्यात, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या आचारांत, घातला आणि परदेशी जाऊन आलेल्यांना प्रायश्चित्ते सांगितली. पाण्याचे तर याच जिल्ह्यात घडले, तेव्हा त्याचे नाव कुलाबा होते. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचे ठरवले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन पाणी पिण्याचा हक्क बजावावा लागला. त्यानंतर तळ्याच्या ‘शुद्धीकरणा’चे विधी झाले, आणि न्यायालयातला झगडा १९३७ पर्यंत चालला. जाणकाराचे ऐका असे सांगणाऱ्याने ही आठवण टाळता कामा नये, कारण तळ्यावर मज्जाव करणारेही स्वतःला जाणकारच म्हणवत होते. वात्स्यायनाच्या दोन अटी त्यांना लावून पाहा. एका माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडते आणि दुसऱ्याच्या बिघडत नाही, याचा साक्षात अनुभव कोणी घेतला होता? आणि ज्या मज्जावाने सांगणाऱ्याचेच वर्चस्व टिकत होते, त्यात खरे सांगण्याची इच्छा कुठे होती? दोन्ही अटींवर तो शब्द कोसळतो. समुद्रयानाच्या निषेधाचेही तसेच. तो समुद्राच्या ज्ञानातून आलेला नव्हता. तांडेलाचे ‘आज उतरू नका’ हे सर्वांना सारखे असते, कारण सांगते, आणि उद्या वारा पडला की मागे घेतले जाते. सोवळ्याचे ‘उतरू नका’ जन्म पाहून दिलेले असते, कारण सांगत नाही आणि कधीच मागे घेतले जात नाही. आप्तवाक्य आणि जुलूम वेगळे ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

स्थानिक ज्ञान शिळे होते, असेही म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. वाळूचे पट्टे सरकतात, नव्या जेट्टींमुळे प्रवाह बदलतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कोणाच्या आठवणीतला समुद्र पुरेसा नव्हता; हवामान खात्याचे इशारे आले, होड्या परतल्या, माणसे हलवली गेली, म्हणून प्राणहानी मर्यादित राहिली. पण यातून आप्तवाक्याची कल्पना मोडत नाही, रुंदावते. हैदराबादची महासागर माहिती सेवा लाटांचे जे अंदाज देते, ते शेवटी इतरांनी घेतलेल्या अनुभवाचा आणि मोजमापाचा शब्दच आहेत. नवख्याने दोन्ही ऐकावेत: दूरचे यंत्र वादळ सांगते, जवळचा माणूस खड्डा सांगतो. जिथे दोघांचे जुळत नाही तिथे जो सावध करतो त्याचे मानावे. न उतरण्याची चूक एका सहलीपुरती असते, उतरण्याची चूक भरून निघत नाही.

शेवटचा आक्षेप धाडसाचा. सगळ्यांनी सोपेच पाणी निवडले, तर कान्होजी आंग्रे कुठून निपजायचे? विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेले प्रवाळांचे विस्तीर्ण पठार आज अलिबागच्या याच आंग्र्यांचे नाव मिरवते. आंग्रिया बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटर आहे. तिथे श्वासनळीने तरंगणाऱ्या नवख्याचे काही काम नाही. पण तिथवर जाणाराही कधीतरी उथळ पाण्यात शिकलेला असतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात हाच क्रम आहे. चित्त स्थिर करता येत नसेल तर अभ्यास, तो साधत नसेल तर ईश्वरार्थ कर्म, तेही जमत नसेल तर कर्मफलाचा त्याग. ही सर्वांत खालची पायरी, आणि लगेच पुढे त्याच त्यागातून शांती लाभते असे सांगून तिचा गौरव केला आहे. सुरुवातीची पायरी हीन नसते. आपण कुठल्या पायरीवर आहोत याबद्दल खोटे बोलणे हीन असते. शिवाय नवख्याच्या चुकीचा भार त्याच्या एकट्यावर पडत नाही. घाबरून पाय टेकायला गेलेला माणूस ज्याला दगड समजतो तो प्रवाळ असतो, जिवांची वसाहत असते, आणि वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारी ती रचना एका पावलाने मोडते. मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य घोषित झाला तो अशाच जिवांसाठी. वाळूच्या तळावर शिकणे म्हणूनच अहिंसेचाही भाग आहे. आणि बुडणाऱ्याला वाचवायला जो उडी घेतो त्याच्या जिवाचा हिशेबही या निवडीत धरायला हवा.

यातून आपल्यावर दोन कर्तव्ये येतात. पाहुण्याचे कर्तव्य विचारण्याचे: आज भरती किती वाजता, उधाण की भांग, ओढ कुठे, आणि तुम्ही तुमच्या मुलाला इथे उतरवाल का? मुरूडला असो वा कॅरिबियन बेटावर, हे प्रश्न बदलत नाहीत, आणि त्यांची सरळ उत्तरे मिळेपर्यंत काठावर थांबण्यात कमीपणा नाही. समाजाचे कर्तव्य याहून मोठे आहे. कोळीवाड्यातले ज्ञान आपण सणाला नाचगाण्यात पाहतो. किनाऱ्याचे निर्णय घेताना त्याला विचारत नाही. कोणता पट्टा पोहायला खुला, कोणता बंद, फलकावर रोजची भरतीची वेळ कोणी लिहायची, जीवरक्षक म्हणून कोणाला नेमायचे, या प्रश्नांत तांडेलाचा शब्द सल्ला म्हणून नव्हे तर पुरावा म्हणून घेतला गेला पाहिजे, आणि त्या कामाचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे. ज्ञान असलेल्या माणसाला गप्प बसवून नवख्याला सावध राहायला सांगणे हा अन्याय आहे. जन्म पाहून प्रामाण्य ठरवण्याची चूक या जिल्ह्याने एकदा तळ्याच्या काठी पाहिली. समुद्राच्या काठी तरी ज्याला खरोखर ठाऊक आहे त्यालाच प्रमाण मानण्याचे शहाणपण आपण दाखवावे.